रुग्णाचं जेवण त्याच्या रिपोर्टप्रमाणे कसं ठरवावं: कोकणातल्या घरांसाठी टप्प्याटप्प्याने

हॉस्पिटलातून घरी सोडताना हातात एक छापील आहारतक्ता मिळतो. त्यात सकाळी दोन पोळ्या, दुपारी दोन पोळ्या, रात्री दलिया असं लिहिलेलं असतं. घरात मात्र सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात आणि माशाचं कालवण, सोबत सोलकढी. दोन दिवस तक्ता पाळला जातो, तिसऱ्या दिवशी तो फ्रिजच्या दारावर चिकटतो आणि घरचं जेवण पूर्वीसारखं सुरू होतं. दुसरी तऱ्हा याहून वाईट. शेजारच्या वाडीत कुणाची शुगर अमुक खाऊन उतरली म्हणून तेच आपल्या रुग्णालाही दिलं जातं.

शुगर दोघांनाही असते. पण एकाची किडनी ठणठणीत असते आणि दुसऱ्याचं पोटॅशियम आधीच वर गेलेलं असतं. एकाचं पोट सुटलेलं असतं, दुसऱ्याचं वजन महिन्याला किलोभर उतरत असतं. उन्हातान्हातून दमून आलेल्या निरोगी माणसाला शहाळं उत्तम. पण पोटॅशियम वाढलेल्या किडनीच्या रुग्णाच्या हृदयाचे ठोके त्याच शहाळ्याने बिघडू शकतात. म्हणून आहार आजाराच्या नावावरून ठरवायचा नाही. तो त्या माणसाच्या रिपोर्टवरून, औषधांवरून आणि रोजच्या ताटावरून ठरवायचा. टप्प्यांचा क्रम मोडू नका, बहुतेक घोटाळे क्रम चुकल्यामुळेच होतात.

एक गोष्ट आधीच सांगते. इथे सांगितलेलं सगळं डॉक्टरांच्या उपचारांसोबत करायचं आहे. आहार सुधारला म्हणून इन्सुलिन किंवा गोळ्यांचा डोस घरच्या घरी कमी करायचा नाही.

टप्पा 1: कागद आणि औषधं एका जागी आणा

स्वयंपाकघरात शिरण्याआधी फाईल उघडा. शक्यतो गेल्या तीन महिन्यांतले रिपोर्ट घ्या आणि प्रत्येकाच्या तारखेभोवती पेनाने गोल करा. साधारण हे आकडे लागतात: उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (किडनी किती काम करते ते दाखवणारे), पोटॅशियम, सोडियम, हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन), युरिक ॲसिड. सगळे प्रत्येकाकडे नसतात. पण मधुमेह किंवा रक्तदाब बरीच वर्षं असेल आणि क्रिएटिनिन-पोटॅशियम गेल्या सहा महिन्यांत तपासलेलं नसेल, तर आहार बदलण्याआधी ती तपासणी करून घ्या.

वजन आज नव्याने घ्या. डिस्चार्ज कार्डावरचं वजन बऱ्याचदा विचारून लिहिलेलं असतं. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी मोजा. घरी काटा नसेल तर जवळच्या आरोग्य उपकेंद्रात मोजा. पायावर सूज असेल तर तसं वजनाशेजारी लिहा, कारण त्या वजनात पाणीही आलं.

औषधांची नावं आठवून लिहू नका. सगळी पाकिटं आणि बाटल्या टेबलावर काढा. त्यात काढे, चूर्णं, 'किडनी साफ करणारी' पावडर, शेजाऱ्यांनी दिलेली मुळी हे सगळं आलं. डॉक्टरांपासून लपून राहते ती नेमकी हीच यादी.

जनुकांवरून आहार ठरवून देणाऱ्या महागड्या चाचण्यांच्या जाहिराती हल्ली खूप दिसतात. रुग्णाच्या घरच्यांनी त्यात पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 609 प्रौढांवर केलेला अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. जनुकांशी 'जुळणारा' आहार मिळाला म्हणून वजन जास्त उतरलं, असं त्यात दिसलं नाही. त्याच पैशात क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि ग्लुकोमीटरच्या पट्ट्या येतात.

*पडताळा:* चार प्रश्नांची उत्तरं कागदावर आहेत का? तीन महिन्यांत वजन किती बदललं? शेवटचं क्रिएटिनिन आणि पोटॅशियम किती, कोणत्या तारखेचं? साखर उतरवणारी औषधं कोणती? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? एकही उत्तर अडलं तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

टप्पा 2: आताचं ताट जसं आहे तसं लिहा

तीन दिवस काहीही न बदलता नुसतं लिहायचं. त्यातला एक दिवस माशांचा असावा आणि एक शक्यतो उपासाचा. 'सकाळी पेज' एवढं लिहून भागत नाही. किती वाटी, दाट की पातळ, सोबत खारातली कैरी होती की सुका बांगडा, वरून खोबरं किती, हे लिहा. रुग्णाची वाटी एकच ठरवा, ती पाण्याने भरून मापाच्या भांड्यात ओता आणि तिच्यात किती मिलिलिटर मावतं ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. एका घरात वाटी म्हणजे 100 मिलिलिटर, दुसऱ्या घरात 250. 'दोन वाट्या भात' हा सल्ला इथेच फसतो.

जेवणाच्या वेळाही लिहा. पहाटे होडीवर जाणारा खलाशी, आंब्याच्या हंगामात दिवसभर बागेत असणारा माणूस आणि घरी पलंगावर असलेली आजी यांना एकच वेळापत्रक चालणार नाही.

मिठाचा हिशोब लावायची एक सोपी रीत आहे. मिठाची नवी पिशवी फोडली की तिच्यावर तारीख घाला. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक सपाट चहाचा चमचा. पाच माणसांच्या घरात 1 किलो मीठ 40 दिवस पुरलं तर सगळे त्या मर्यादेवर आहेत. 20 दिवसांतच संपलं तर माणशी 10 ग्रॅम पडलं. मासे धुवायला आणि लोणच्याला लागणारं मीठ या पिशवीतून घेऊ नका, नाहीतर हिशोब चुकेल. लोणचं, पापड, आगळ, सुके मासे यांतलं मीठ या आकड्यात आलेलंच नाही, तेही ध्यानात ठेवा.

टप्पा 3: धोक्याचा क्रम लावा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. घरचे साखर आणि तेल यांच्यामागे लागतात आणि त्याआधी पाहायच्या गोष्टी राहून जातात. क्रम असा:

पहिलं, गिळणं. पक्षाघात झालेला, पार्किन्सनचा किंवा बरेच दिवस आयसीयूमध्ये राहून आलेला रुग्ण असेल तर पोषणाच्या आधी गिळणं तपासायचं. अशा माणसाला आपण मायेने पातळ पेज पाजतो. पण गिळायला त्रास असेल तर पातळ पदार्थच श्वासनलिकेत सहज उतरतो आणि न्यूमोनिया होतो. घोट घेतल्यावर खोकला येणं, आवाज ओलसर घरघरता होणं, घास गालात राहणं, जेवताना डोळ्यांत पाणी येणं ही लक्षणं. यातलं एकही दिसलं तर तोंडाने देणं थांबवा आणि गिळण्याची तपासणी करून घ्या. पदार्थ किती दाट करायचा हे त्यानंतर ठरतं. भरवताना रुग्ण ताठ बसलेला हवा, जेवणानंतर अर्धा तास आडवा करू नये.

दुसरं, उतरणारं वजन. महिन्यात 5 टक्के किंवा सहा महिन्यांत 10 टक्के वजन न ठरवता उतरलं तर ती मोठी घट. 60 किलोच्या माणसाचं महिन्यात 3 किलो कमी होणं म्हणजे तेवढीच. इथे पथ्य सैल करावं लागतं. कोकणात बारीक अंगाचे मधुमेही काही कमी नाहीत. त्यांना 'भात बंद' सांगितलं की साखर जरा उतरते आणि त्यासोबत मांड्यांचे आणि दंडांचे स्नायूही जातात. मग उठता-बसता येत नाही, तोल जातो, माणूस पडतो.

क्षयरोग असेल तर वजनाकडे दर आठवड्याला लक्ष हवं. निक्षय पोषण योजनेतून उपचार सुरू असेपर्यंत दरमहा मदत बँक खात्यात जमा होते. नोव्हेंबर 2024 पासून ती 500 वरून 1000 रुपये झाली आहे. नोंद झाली नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.

*सावधान:* पाच दिवसांहून जास्त काळ जवळपास काहीच न खाल्लेल्या किंवा फार खंगलेल्या माणसाला एकदम भरपेट जेवण देऊ नका. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम अचानक खाली जाऊन जीवावर बेतू शकतं. सुरुवात थोड्या मात्रेने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली करायची.

तिसरं, किडनी आणि पोटॅशियम. पोटॅशियम वाढलेलं असेल तर कोकणातले कितीतरी 'पौष्टिक' पदार्थ मोजून घ्यायच्या यादीत जातात. एका मध्यम शहाळ्याच्या पाण्यात साधारण 500 ते 600 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. पिकलेला फणस, आठळ्या, केळी, सुरण, अळकुड्या, करांदे यांतही ते भरपूर. नाचणी हाडांसाठी नावाजलेली आहे, 100 ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. पण तांदळापेक्षा तिच्यात पोटॅशियम कितीतरी जास्त असतं. म्हणून पोटॅशियम वर असताना भाताऐवजी नाचणी हा सल्ला उलटा पडतो.

कंद खायचेच असतील तर सोलून, बारीक फोडी करून, भरपूर पाण्यात उकळा, ते पाणी फेकून द्या आणि मग भाजी करा. पोटॅशियम बरंच उतरतं, पूर्ण जात नाही. 'लो सोडियम' मीठ मात्र घरात आणूच नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन अशा, पोटॅशियम वाढवू शकणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका आणखी वाढतो. सैंधवाने काही सुटका होत नाही, तेही मुख्यतः सोडियम क्लोराईडच.

*सावधान:* किडनीच्या रुग्णाला करंबळ, म्हणजे कापल्यावर पाच टोकांची चांदणी दिसणारं फळ, अजिबात देऊ नका. त्यातलं विष किडनीवाटे बाहेर पडू शकत नाही. न थांबणारी उचकी, गोंधळलेपण, झटके इथपर्यंत ते जातं. झाडाच्या खोडाला लगडणाऱ्या आंबट बिंबलांचा रस तर कुणीच उपाशीपोटी ग्लासभर पिऊ नये. त्यातल्या ऑक्झलेटमुळे धडधाकट माणसाच्या किडन्यांनाही अचानक इजा झाली आहे. 'कोलेस्टेरॉल उतरतं' म्हणून हा रस प्यायला जातो, म्हणून मुद्दाम सांगते.

चौथं, साखर खाली जाणं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि जेवण चुकलं तर साखर 70 च्या खाली घसरते. किडनी कमजोर असेल तर गोळीचा परिणाम लांबतो आणि साखर पुन्हा पुन्हा घसरते. घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणं दिसलं की आधी मोजा. मोजायची सोय नसेल तर मोजण्यासाठी थांबू नका. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच द्या, मग जेवण. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतायचं नाही, 108 ला फोन करायचा. होडीवर जाणाऱ्याने साखरेची पुडी पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, अंगावरच ठेवावी. केबिनमध्ये ठेवलेली ऐन वेळी हाताला लागत नाही.

साखर वाढलेली असणं, कोलेस्टेरॉल, युरिक ॲसिड हे सगळं महत्त्वाचंच, पण या चौघांनंतर.

टप्पा 4: आकडे ताटात बसवा

एक कल्पित उदाहरण घेऊ. 68 वर्षांचे आजोबा, वजन 52 किलो, बरीच वर्षं मधुमेह, क्रिएटिनिन 1.9, म्हणजे ईजीएफआर 38 च्या आसपास, पोटॅशियम 5.3, म्हणजे थोडं वर. डायलिसिस नाही, वजन स्थिर. ग्लिमेपिराइड आणि टेल्मिसार्टन चालू.

अशा रुग्णाला प्रथिनं साधारण किलोमागे 0.8 ग्रॅम धरतात: 52 गुणिले 0.8, म्हणजे दिवसाला 42 ग्रॅमच्या आसपास. घरच्या जेवणात ती अशी बसतात. दिवसभराचा 200 ग्रॅम कच्चा तांदूळ, त्यात भात आणि घावणे दोन्ही आले: 15 ते 16 ग्रॅम. एक अंडं: 6. एका मध्यम बांगड्याचा डोकं-काटे काढून उरलेला साधारण 60 ग्रॅम भाग: 11 ते 12. भिजवून, पाणी फेकून शिजवलेली 20 ग्रॅम तूरडाळ: 4. पेलाभर नाही, 150 मिलिलिटर दूध: 5. बेरीज 42 च्या आसपास येते. म्हणजे आजोबांचे मासे बंद करायची गरजच नव्हती. दोन तुकड्यांचा एक करायचा होता आणि रात्री पुन्हा सुकट वाढायची नव्हती. कुळथाची पिठीही कायमची बंद नाही, ती त्या दिवशीच्या डाळीच्या जागी येते. पोटॅशियम उतरेपर्यंत मात्र आठवड्यातून एखाद्याच वेळी. 200 ग्रॅम तांदूळ एकाच बैठकीत संपवायचा नाही, तीन वेळांत वाटायचा.

*सावधान:* डायलिसिस सुरू झालं की हा हिशोब उलटतो. तेव्हा प्रथिनं किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम लागतात, कारण डायलिसिसमध्येही ती वाया जातात. जुना तक्ता तसाच चालू ठेवल्यामुळे डायलिसिसवरची माणसं हाडाची काडं होतात. तक्त्यावर 'डायलिसिसपूर्वी' असं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, म्हणजे नंतर तो कुणी पुढे चालवणार नाही.

यकृताच्या सिरॉसिसमध्येही प्रथिनं तोडायची नसतात. रात्री झोपण्याआधी थोडं खाणं द्यायचं, म्हणजे लांबचा उपास पडत नाही. जलोदर असेल तर मीठ मात्र कडक.

मिठासाठी रुग्णाची वेगळी डबी करा. रोज सकाळी ठरलेलं मीठ सपाट चमच्याने मोजून तिच्यात घाला. कालवणात मीठ घालण्याआधी रुग्णाची वाटी बाजूला काढा आणि त्या डबीतूनच चव आणा. आंबटपणा वाढवला की मीठ कमी लागतं: आमसूल, लिंबू, कैरी, सोबत तिरफळ आणि लसूण. इथे एक फसगत होते. आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, तेव्हा आगळाची सोलकढी खारटच होते. रुग्णासाठी मीठ न लावलेली सुकी कोकमं पाण्यात भिजवून वेगळी सोलकढी करा. बाटलीतलं कोकम सरबत ही आणखी वेगळी गोष्ट, त्यात साखर असते.

हृदय किंवा किडनीमुळे पाण्यावर मर्यादा घातली असेल तर तेवढं पाणी सकाळी एका बाटलीत भरून ठेवा. रुग्णाने चहा, पेज, कालवण, सोलकढी, ताक जे काही पातळ घेतलं, तेवढं पाणी बाटलीतून काढून टाका. उरेल ते प्यायचं पाणी. नुसतं ग्लास मोजणाऱ्या घरात पेजेचं पाणी हमखास निसटतं.

टप्पा 5: औषधं आणि घास यांच्या वेळा जुळवा

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, पाण्यासोबत, त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास दूर. लोहाची गोळी चहा, दूध किंवा दुधातल्या नाचणीसत्त्वासोबत घेतली तर ती अंगी नीट लागत नाही. लिंबूपाण्यासोबत घ्या, साखर न घालता. सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविकं दुधासोबत नकोत. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल आणि पायाला मुंग्या येत असतील तर बी12 तपासायला सांगा. शाकाहारी घरांत तर नक्कीच.

थोडं थांबायचं ते वॉरफेरिन आणि असेनोकुमारॉल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपाशी. त्यांचा परिणाम पालेभाज्यांतल्या के जीवनसत्त्वामुळे कमी होतो. म्हणून घरचे पालेभाजी पूर्ण बंद करतात, तेही चूक. भाजी चालते, पण प्रत्येक आठवड्यात साधारण तेवढीच हवी. अडचण होते ती पावसाच्या पहिल्या सरींनंतर. टाकळा, भारंगी, कुर्डू, शेवग्याचा पाला, अळू सगळं एकदम मिळू लागतं आणि मे महिन्यात पालेभाजी न खाणारा माणूस जूनमध्ये रोज खाऊ लागतो. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) घसरतो आणि गुठळी होण्याचा धोका वाढतो. पावसाळी भाज्या सुरू करायच्या असतील तर डॉक्टरांना आधी सांगा आणि आयएनआर लवकर तपासा.

*पडताळा:* घड्याळाच्या वेळा एका बाजूला, गोळ्या मधे आणि जेवण दुसऱ्या बाजूला असा एक कागद तयार झाला का? गोळ्यांच्या डब्याशेजारी तो चिकटवा.

टप्पा 6: एका वेळी एकच बदल, आणि मोजून पाहा

आहार खऱ्या अर्थाने त्या माणसाचा होतो तो इथे. एकच पदार्थ दोघांची साखर वेगवेगळी वाढवतो. इस्रायलमध्ये 800 जणांच्या साखरेचा सतत माग ठेवून केलेल्या, 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे स्पष्ट दिसलं. घरी तेवढं यंत्र नको, ग्लुकोमीटर पुरे.

घरात सगळ्यात जास्त वाद पेज की भात यावर होतो, तेव्हा तोच तपासू:

1. दोन्ही दिवस सारखाच कच्चा तांदूळ तोलून घ्या, उदाहरणार्थ 60 ग्रॅम. वेळ तीच, औषधं तीच, आदल्या दिवशीचं कष्टाचं काम साधारण तेवढंच.
2. जेवणाआधी साखर मोजा आणि लिहा.
3. पहिल्या दिवशी पेज, नेहमीच्या तोंडीलावण्यासोबत. दुसऱ्या दिवशी तेवढ्याच तांदळाचा मोकळा भात, त्याच तोंडीलावण्यासोबत.
4. पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी पुन्हा मोजा. जेवण संपल्यापासून मोजायचं नाही.
5. दोन्ही प्रकार आणखी एकदा करा. एका आकड्यावर निर्णय घेऊ नका.

फार शिजून मऊ झालेला भात लवकर पचतो, म्हणून बहुतेकांची साखर पेजेने जास्त उसळते. पण किती, हे प्रत्येकाचं वेगळं. एखाद्याला पेजेसोबत उकडलेलं अंडं दिलं आणि ती थोडी दाट ठेवली की आकडा आटोक्यात येतो, मग त्याची पेज तोडायचं कारण उरत नाही. दुसऱ्याचा आकडा तरीही वर जातो, त्याला सकाळी आंबोळी आणि उसळ बरी. अनेक प्रौढ मधुमेहींसाठी जेवणानंतरचं लक्ष्य 180 च्या आत असतं. वय झालेल्या, अनेक आजार असलेल्या माणसासाठी डॉक्टर ते सैल करतात. आपल्या रुग्णाचा आकडा त्यांना विचारून घ्या.

बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा कापलेल्या किंवा फणसाचे गरे काढलेल्या बोटावर फळाचा रस राहतो आणि यंत्र 80-100 ने जास्त दाखवू शकतं. त्या खोट्या आकड्यावर जादा इन्सुलिन घेतलं गेलं तर मोठा अनर्थ. आकडा अचानक भलताच आला तर हात धुऊन दुसऱ्या बोटावर पुन्हा मोजा.

*नेहमीच्या चुका:* एकाच आठवड्यात तांदूळ, चहाची साखर, रात्रीच्या जेवणाची वेळ आणि चालणं सगळं बदलणं, मग फरक कशाने पडला ते कळत नाही. ताप असताना किंवा स्टेरॉइड चालू असताना चाचणी करणं, तेव्हा साखर एरवीही वाढते. आणि नाचणीची आंबील 'शुगरवाल्यांना चालते' म्हणून मोकळ्या हाताने देणं. नाचणीच्या दोन-तृतीयांश वजनाएवढी कर्बोदकं असतात. तिचं पातळ, गाळलेलं सत्त्व भाकरीपेक्षा फार लवकर साखरेत उतरतं. भाकरी वेगळी, आंबील वेगळी, दोन्ही स्वतंत्र मोजा.

टप्पा 7: ऋतू बदलला की तक्ता बदला

जानेवारीत बनवलेला तक्ता मे महिन्यात चालत नाही. एप्रिल-मे म्हणजे आंबा, फणस, काजू. साखर आटोक्यात असलेल्या, किडनी चांगली असलेल्या मधुमेहीला मध्यम हापूसचा अर्धा भाग, जेवणातला थोडा भात कमी करून, बहुधा बसवता येतो. अख्ख्या फळात साधारण 20 ग्रॅम साखर असते, आणि आमरसाच्या वाटीत दोन-तीन फळं नकळत जातात. बरक्या फणसाचे गरे गिळता गिळता किती झाले ते कळत नाही, म्हणून आधी ताटलीत मोजून काढा आणि मगच खायला बसवा.

जून-जुलैत मासेमारी बंद, ताजा मासा कमी, आणि सगळं सुक्यावर येतं. सगळे सुके मासे एका मापाचे नसतात. नुसत्या उन्हात वाळवलेला बोंबील किंवा जवळा आणि मिठात मुरवलेला खारा बांगडा, खारी सुरमई यांत मिठाचा मोठा फरक. घेताना विकणारीला विचारा, ती खरं सांगते. रक्तदाब, हृदय किंवा किडनीच्या रुग्णाला खारवलेला मासा नकोच. बिनमिठाचा सुकाही गरम पाण्यात भिजवून, दोनदा धुऊन, आणि त्या दिवशी लोणचं-पापड न वाढता. या दोन महिन्यांत प्रथिनं कमी पडतात ती अंडी आणि डाळी-कडधान्यांनी भरा. किडनीच्या रुग्णासाठी मात्र टप्पा 4 च्या हिशोबात बसवून. युरिक ॲसिड वाढून सांधा सुजत असेल तर तारली, बांगडा, कोळंबी, तिसऱ्या यांवर हात आखडा. सुके छोटे मासे तर वजनाच्या मानाने आणखी जड पडतात.

मग श्रावण, एकादश्या, संकष्ट्या, गणपती. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडवरच्या रुग्णाने उपास करायचाच म्हटलं तर आठवडाभर आधी डॉक्टरांशी बोलून त्या दिवसाचा डोस लिहून घ्या. साबुदाणा आणि बटाटा म्हणजे जवळपास नुसतं पिष्ट. साखर आधी उसळते, मग लांबच्या रिकाम्या वेळेत घसरते. 'एका दिसान काय होणा नाय' असं प्रेमाने म्हणणाऱ्या पाहुण्यांना हे आधीच सांगून ठेवावं, रुग्णाच्या पानावर वाद नको.

टप्पा 8: वही, फोन आणि पुढची भेट

वहीत रोज चारच गोष्टी: सकाळचं वजन, साखरेचे ठरलेले आकडे, जेवण पूर्ण, अर्धं की त्याहून कमी गेलं, आणि काही वेगळं झालं असेल तर ते. जास्त लिहायला घेतलं की आठवड्यात वही बंद पडते.

पुढच्या भेटीपर्यंत थांबायचं नाही, अशी लक्षणं: तीन दिवसांत 2 किलो वजन वाढणं किंवा रात्री आडवं झाल्यावर दम लागणं, साखर पुन्हा पुन्हा 70 च्या खाली जाणं, उलट्या-जुलाब होऊन गोळ्या पोटात न राहणं, किडनीच्या रुग्णाला अचानक अशक्तपणा किंवा धडधड, घास घेताना नव्याने ठसका, दोन दिवस अर्ध्याहून कमी जेवण. धडधड आणि दम असेल तर फोनवर सल्ला घेत बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

आहारतज्ज्ञ प्रत्येक तालुक्याला मिळत नाहीत. जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. गावातून निघणं जमत नसेल तर ई-संजीवनी या सरकारी सेवेतून डॉक्टरांशी बोलता येतं. कुठेही गेलात तरी फाईल, औषधांचा कागद, तीन दिवसांच्या ताटाची नोंद आणि वही बरोबर न्या, शक्य असेल तर रुग्णाची वाटीसुद्धा. 'काय खायला द्यायचं?' असं मोघम विचारलं की पुन्हा तोच छापील तक्ता हातात पडतो. त्याऐवजी विचारा: दिवसाला प्रथिनं किती ग्रॅम, मीठ किती, पाणी किती, पोटॅशियमची मर्यादा आहे का, जेवणानंतरच्या साखरेचं लक्ष्य काय, आणि हे आकडे पुन्हा कोणत्या तारखेला तपासायचे. सहाही उत्तरं वहीच्या पहिल्या पानावर, वाटीच्या मापाखाली, तारखेसह लिहून घ्या.